मनाला प्रश्न विचारायला शिकवणारी संस्था

मलकापुरातून आम्ही बोलतोय.

ताप आला तर दवाखाना आणि मन बिघडलं तर देवऋषी, असं आपल्याकडं अजून चालतं. शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर गटाच्या कामाला गेलो की आम्हाला हे दिसतं. बाई जेवत नाही, रात्रभर टक्क जागी असते, आणि घरचे लिंबू-नारळावर पैसे घालवतात.

ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही मनाच्या आरोग्याची संस्था काढली. औषधोपचार, समुपदेशन तिथं आहेच. पण डॉक्टर गीता, उपनिषदं आणि संतांचे विचार मनाच्या उपचारांशी जोडून सांगतात, ते आम्हाला फार पटलं. समर्थांनी मनाचे श्लोक लिहिले तेही मनालाच हाक मारून, नाही का?

ही सांगड जुनी आहे. कोलकात्यात १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली. व्हिएन्नाच्या डॉ. फ्रॉईडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि गीता, योगसूत्रं यांचाही त्यांचा अभ्यास होता. माणसाला मनात येईल ते बोलू द्यायचं, डॉक्टरनं ऐकायचं, मग दडपलेलं दुःख वर येतं, ही फ्रॉईडची रीत. आपल्या आज्या जात्याला सगळं सांगायच्या, तसंच म्हणा. फक्त जातं उलट प्रश्न विचारत नाही! आणि आता गिरणी आली, तेही गेलं.

अमेरिकेतले अल्बर्ट एलिस आधी फ्रॉईडचीच रीत शिकले. तिला फार वेळ लागतो म्हणून त्यांनी १९५५च्या सुमारास वेगळी वाट काढली. तिचं मूळ एपिक्टेटस या जुन्या तत्त्ववेत्त्याकडं जातं. हा माणूस जन्मानं गुलाम होता. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला समज माणसाला जास्त छळतो, असं त्याचं सांगणं. डॉ. नाडकर्णी हीच एलिस यांची पद्धत मराठीत समजावतात.

आता गटातलं बघू. एकीचा हप्ता चुकला. ती मिटिंगला यायची बंद झाली. हप्ता चुकला ही घटना. पण 'माझा हप्ता कधी चुकताच कामा नये, चुकला म्हणजे मी कशाच्याच लायकीची नाही' हा तिचा समज, आणि झोप उडवली ती त्यानं. तिला विचारायचं, एका हप्त्यानं बाई नालायक कशी ठरते गं? 'चुकू नये असं मला वाटतं, पण चुकला तर मार्ग काढीन' इथपर्यंत ती आली, तर पुढची बोलणी करता येतात. पैसे लगेच येत नाहीत, पण ती गटात परत येते.

एक मात्र ठणकावून सांगतो. घरात मारहाण होत असेल तर 'तू विचार बदल' असं बाईला सांगणं हा अन्याय आहे. तिथं पोलीस आणि कायदाच पाहिजे.

आणि कुणी 'जीव नकोसा झालाय' म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटी सोडू नका. सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीत पहिल्या पानावर तो आजच लिहून ठेवा, १४४१६.