आंदणाचा पलंग आणि दहा बाय बाराची खोली

तुळशीचं लग्न लागलं, धान विकून हाती पैसा आला, की तुमसरच्या बाजारात फर्निचरच्या दुकानांपुढे गर्दी वाढू लागते. आंबागडसारख्या गावांतून माणसं येतात, पलंग, गादी, आलमारी, सोफा, ड्रेसिंग टेबल असं सगळं एकाच दुपारी ठरवतात आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवून नेतात. बऱ्याचदा ही खरेदी लग्नाच्या आंदणाची असते. आपल्याकडे फर्निचर घेऊन पस्तावण्याचं मोठं कारण मला या आंदणातच दिसतं, म्हणून आज आधी त्याबद्दल बोलतो.

पलंग निवडतो मुलीचा बाप, नाहीतर मामा. त्यावर झोपणार मुलगी आणि जावई. तो ठेवायचा सासरच्या घरात, आणि त्या घरातली खोली निवडणाऱ्याने कधी धड पाहिलेलीही नसते. मग नजरेसमोर राहतो तो मांडव. पाहुण्यांसमोर पलंग भरीव दिसला पाहिजे, आलमारीला मोठा आरसा हवा, सोफ्याला नक्षी हवी. मांडवात या वस्तू एक दिवस राहतात आणि खोलीत वीस वर्षं.

आता खोलीचं गणित मांडू. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यात एक खोली दहा बाय बाराची धरली, तर ती झाली १२० चौरस फुटांची. सहा बाय साडेसहाचा डबल पलंग एकटाच ३९ चौरस फूट घेतो. तिघांचा सोफा साधारण १८ घेतो. आलमारी दीड फूट खोल असते, पण तिचं दार उघडायला समोर आणखी दीड फूट मोकळी जागा लागते, आणि हा दीड फूट दुकानात कुणाच्याच लक्षात येत नाही. शिवाय खोलीचं दार, खिडकी, धानाची पोती, मुलांचं दप्तर, पंखा. एवढं मांडल्यावर माणसाने चालायचं कुठून? दुकानाचा हॉल ऐसपैस असतो, छत उंच असतं, म्हणून तिथे मोठी वस्तूही बेताची वाटते. तीच घरी आली की खोली भरून जाते.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. एक टेप घ्या आणि थोडी रांगोळी. दुकानात जाण्याआधी खोलीच्या जमिनीवर पलंगाचं, आलमारीचं, सोफ्याचं माप रांगोळीने आखा. आलमारीच्या दाराची जागाही आखा. मग दोन दिवस त्या रेघा न ओलांडता खोलीत वावरा. पाणी आणा, अंथरूण घाला, झाडून काढा. कुठे अडखळायला होतं ते आपोआप कळेल. बाजूने चालायला दोन ते अडीच फूट वाट उरली नाही, तर पलंग सहाऐवजी पाच फुटी घ्या. घराच्या दाराची रुंदी आणि उंचीही मोजा. दारातून आत जात नाही म्हणून आलमारी ओट्यावर अडकून बसते, ती या मापाअभावीच.

आता लाकडाकडे वळू. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, सागाच्या मुलखात राहतो, त्यामुळे ‘सागवान आहे’ एवढं ऐकलं की आपला लगेच विश्वास बसतो. पण सागातही फरक असतो. मधला पिवळसर-तपकिरी गाभा टिकाऊ, त्याला उधई सहसा लागत नाही. साल आणि गाभा यांच्या मधला पांढरट भाग मात्र कच्चा; त्याला कीड लवकर लागते. गडद पॉलिशखाली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पलंग पुढून पाहू नका, खाली वाकून पाहा. आडव्या पट्ट्या, पायांची आतली बाजू, ड्रॉवरचा तळ, आलमारीची पाठ, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, तिथे लाकूड खरं काय ते सांगतं. पायाला आडवी पट्टी कशी जोडली आहे तेही विचारा. लाकडाचं टोक भोकात घट्ट बसवलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो. नुसत्या खिळ्यांवर उभा केलेला पलंग दोन पावसाळ्यांत कुरकुरू लागतो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. आपल्या भंडाऱ्याचा मे महिना लाकूड पार वाळवतो आणि आषाढ-श्रावणात तेच लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. म्हणून उन्हाळ्यात अगदी गच्च बसणारं ड्रॉवर पावसाळ्यात उघडत नाही. ओल्या लाकडाचं काम असेल तर उलट होतं, उन्हाळ्यात फटी पडतात आणि फळी वाकते. सुताराकडून घरी काम करून घेत असाल, तर लाकूड किती दिवस वाळवलेलं आहे हे आधी विचारा. बाजारभावापेक्षा फार स्वस्तात, बिल-परवान्याशिवाय मिळणारा साग घेऊच नका. तो जंगलातून चोरून तोडलेला असू शकतो, आणि वनखातं तो जप्त करू शकतं.

प्लायवूड पारखणं तुलनेने सोपं आहे. त्यावर आयएसआयची खूण आणि क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय, आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, मोरीजवळ ७१०च हवं. भुशाच्या पार्टिकल बोर्डाची वस्तू दिसायला गुळगुळीत आणि स्वस्त असते. पण जिथे फरशी रोज पुसली जाते किंवा जमीन सारवली जाते, तिथे तिची खालची कड फुगून सुटते. कौलारू, मातीच्या घरात ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंडी आलमारी घेताना गेज विचारा. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाड असतो, २४ गेजचा त्याहून बराच पातळ. दाराच्या मधोमध अंगठ्याने दाबलं आणि पत्रा आत गेला, तर ती आलमारी घेऊ नका.

पक्कं बिल घ्याच, आणि त्यावर लाकडाचं किंवा प्लायचं नाव, माप, गेज लिहून घ्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष वस्तूला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं.

आणि आंदण? आंदण मागून घेणं हा १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हा आहे. आईबापांनी आपखुशीने दिलेल्या वस्तू मुलीच्या असतात. त्यांची किमतीसह यादी करून ठेवावी, असं १९८५ चे नियम सांगतात. ही यादी मनापासून करा, तिच्यावर नवरा-नवरीच्या सह्या घ्या आणि एक प्रत मुलीकडे राहू द्या.

मुलीच्या आईबापांना माझी विनंती आहे, दुकानात जाताना लेकीला सोबत न्या आणि पलंग कुठला ते तिलाच ठरवू द्या. सोफ्याला जागा नसेल तर ते पैसे तिच्या नावे बँकेत ठेवा. आणि मुलाकडच्यांनो, सोयरीक जुळल्यावर ‘काही मागणं नाही’ एवढंच सांगून थांबू नका. खोलीचं माप घ्या, दाराची रुंदी मोजा आणि दोन्ही आकडे व्याह्यांना आधीच कळवा.