दुखतंय, पण कसं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आजार बरा झाला आणि दुखणं मात्र मागे राहिलं, तर माणसानं काय करावं? कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या अनेकांपुढे हा प्रश्न असतो आणि तो विचारायचाही त्यांना संकोच वाटतो. जीव वाचला, आता आणखी काय हवं, असं लोक म्हणतात. रात्री जाग आली की आपणही स्वतःला तेच म्हणतो.

मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. ओटीपोटावर २५ वेळा रेडिएशन झालं, आतूनही किरण दिले गेले आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून दिलं. उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, घरात पेढे वाटले. पण पुढच्या काही महिन्यांत कमरेखालचं शरीर परक्यासारखं वागू लागलं. तळपायांची आग होई. पांघरुणाचा स्पर्शही नको वाटे. चार पावलं चाललं की पाठीच्या खाली ठणका लागे. पुन्हा तपासण्या झाल्या आणि उत्तर आलं, ‘काही सापडत नाही.’ एका डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं, “ताई, मन दुसरीकडे गुंतवा.”

‘काही सापडत नाही’ याचा खरा अर्थ, रोग परतल्याची खूण दिसत नाही. ही आनंदाचीच बातमी आहे. पण आपल्या कानांना ऐकू येतं, ‘तुम्हाला काही झालेलंच नाही.’ त्या दोन वाक्यांत फार अंतर आहे. स्कॅनमध्ये गाठ दिसते; बारीक नसांच्या टोकांना झालेली इजा दिसत नाही. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी नसांना इजा होऊ शकते आणि औषध थांबल्यावरही काही महिने हा त्रास वाढत राहू शकतो. रेडिएशनमुळे कमरेतल्या नसांच्या जाळ्याला धक्का बसला, तर त्याची लक्षणं कधी कधी काही वर्षांनी दिसतात. ओटीपोटाभोवतीची हाडं कमकुवत होऊन त्यांना बारीक तडे जातात. साध्या एक्स-रेमध्ये ते निसटू शकतात. म्हणजे पुष्कळदा कारण असतं, फक्त ते त्या तपासणीच्या टप्प्यात येत नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तेव्हा जोडलेल्या टिपांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, की माणूस दुखतंय असं सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. मला हे वाचून फार आधार वाटला.

पण आपण सांगतो काय? “खूप दुखतं हो डॉक्टर.” बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टरांनी त्या ‘खूप’चं काय करावं? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले होते. रुग्णानं आपला शब्द निवडायचा. मी कविता लिहिणारी बाई. मला वाटलं, मराठीला ही यादी उसनी घ्यायची गरजच नाही. ठणका, कळ, चमक, सल, रग, पेटका, उसण, टोचणी, चुरचुर, मुंग्या, आग! आमच्या घरात दखनी बोलली जाते. अम्मी सगळ्यालाच ‘दर्द’ म्हणते. पण नेमकं सांगायची वेळ आली की तीही म्हणते, “कळ आली गं.”

मी एक वही केली. वेळ, जागा, शब्द आणि ० ते १० मधला आकडा, एवढंच रोज लिहायचं. त्या वेळी काय करत होते, तेही. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन वेदना-उपचार केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली. आग, मुंग्या, स्पर्श सहन न होणं, ही नसांची तक्रार, असं त्या म्हणाल्या. चालल्यावर लागणारा आणि पडल्यावर ओसरणारा ठणका हाडाचा असू शकतो, म्हणून त्यांनी एमआरआय करायला सांगितला आणि कंबरेच्या मागच्या हाडात बारीक तडा सापडला. उजव्या मांडीतल्या कळीचं कारण मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. “तरी उपचार तिच्यावरही करू,” असं त्या म्हणाल्या.

नसांच्या दुखण्यासाठी त्यांनी दिलेली गोळी नैराश्यावरही देतात. घरी कुजबुज झाली, “म्हणजे हे मनाचंच आहे तर!” डॉक्टरांनी माझ्या बहिणीला समोर बसवून समजावलं, की वेदनेचे निरोप मज्जारज्जूतच मंद करणारी जी रसायनं असतात, त्यांच्यावरही हे औषध काम करतं. अशी गोळी स्वतःहून सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये.

बाकी रोजच्या सवयी बदलल्या. सगळी कामं सकाळीच उरकण्याचा हव्यास सोडला. वीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. नमाज खुर्चीवर बसून पढते. तळपायांना गरम-गार नीट कळत नाही, म्हणून अंघोळीचं पाणी कोपरानं पाहते आणि घरातही चपला घालते. तडा सांधेपर्यंत चालणं मोजकं होतं, नंतर फिजिओथेरपिस्टनं ते हळूहळू वाढवलं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून थांबायची नाही. पायातली ताकद एकाएकी कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला पाठीत नवीन, वाढत जाणारं दुखणं लागलं, तर तेही लगेच दाखवावं.

ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना विनंती करते. “आता तरी बरं वाटतंय ना?” असं विचारलं, की त्याला ‘हो’ म्हणावं लागतं. त्याऐवजी विचारा, “आज कसं दुखतंय?” आणि तो शब्द शोधेपर्यंत थांबा. माझ्या वहीतला आठाचा आकडा आता बहुतेक दिवस चारावर असतो. मांडीतली कळ अजून बिननावाची आहे. ती येते तेव्हा मी वेळ लिहिते, आकडा लिहिते आणि राहिलेलं काम पुन्हा हातात घेते.