दृष्टिपटलाचे रक्षण आणि संप्रेरके



डोळ्याच्या आत मागच्या बाजूस एक पातळ पडदा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्यातील चेतापेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून त्या मरण्याआधीच वाचविणारे एखादे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, सापडते काय, याचा शोध चालू आहे.

एरिथ्रोपोएटिन हे असेच एक हार्मोन. ते मूत्रपिंडात तयार होते व रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. २००२ साली उंदरांवरील प्रयोगात त्याने प्रखर प्रकाशाच्या इजेपासून दृष्टिपटलातील पेशी वाचविल्या. आशा वाढली. परंतु २००५ साली जपानी संशोधकांना आढळले की, मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्यात हेच हार्मोन नको त्या रक्तवाहिन्या वाढविण्यास हातभार लावते. पुढे डोळ्याच्या मज्जातंतूस सूज आलेल्या रुग्णांवर जर्मनीत चाचणी झाली. २०२१ साली तिचा निष्कर्ष आला. लाभ दिसला नाही.

मग आज हाती काय आहे? इन्सुलिन! तेही हार्मोनच. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांचा अभ्यास झाला. काहींना दिवसातून एक-दोनदा इन्सुलिन दिले. काहींना तीन किंवा अधिक वेळा, वा पंपाने देऊन साखर काटेकोर ठेवली. ज्यांचे दृष्टिपटल आरंभी निरोगी होते, त्यांच्यात या दुसऱ्या पद्धतीने विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र साखर एकदम उतरण्याचे प्रसंगही वाढले; म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. टाइप-२ मध्येही गोळ्यांनी वा इन्सुलिनने साखर आवरल्यास डोळ्यांना लाभ होतो, हे १९९८ साली ब्रिटनमधील अभ्यासाने दाखविले.

तरीही 'एकदा सुई लागली की सुटत नाही' या भीतीने आपली माणसे इन्सुलिन टाळतात. दृष्टिपटल बिघडताना दुखत नाही, आरंभी नजरही कमी होत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरविली, तर आधीच बिघडलेले दृष्टिपटल काही काळ अधिक बिघडू शकते. म्हणून इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत. पण उपचार सोडू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांना वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासण्यासाठी तुम्हीच घेऊन जा. तपासणीचा कागद त्यांना वाचून समजावून सांगा. उद्याचे औषध येईल तेव्हा येईल. आजचे औषध हाताशी असताना कोणाची दृष्टी जाऊ नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. जयभीम!