बारावा गडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हाला ज्याची गोडी आहे त्यावरच बोला." मला गोडी क्रिकेटची, हे आपल्या गल्लीत कोणाला सांगायला नको. तेव्हा त्याविषयीच चार शब्द बोलते.

गृहिणीने सामना पाहणे म्हणजे काय, हे पुरुषांना कळायचे नाही. ते पाय पसरून बसतात. आपण मात्र भाकरी थापता थापता कान बाहेरच्या खोलीकडे लावायचा. आरडाओरड ऐकू आली की पिठाचे हात घेऊन धावायचे, तोवर गडी बाद होऊन गेलेला असतो! त्यातून सामन्याच्या दिवशीच नळाची पाळी आली तर विचारूच नका. उजनीचे पाणी शंभर किलोमीटरांवरून येते आणि तेही रोज नाही. ते आले की भारत जिंकत असो वा हरत असो, आधी पिंप भरायचे.

ही गोडी मला वडिलांकडून लागली. ते गिरणीत कामाला होते. पॉली उम्रीगर आपल्या सोलापुरात जन्मले, १९२६ साली, हे ते अभिमानाने सांगत. कसोटी सामन्यात भारताकडून पहिले द्विशतक त्यांनीच काढले, १९५५ साली हैदराबादला. पण वडिलांना त्याहून मोठी वाटे ती दुसरीच गोष्ट. १९६२ साली आपला संघ वेस्ट इंडीजला गेला होता. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि जीव जाण्याची वेळ आली. रक्त हवे होते. तेव्हा समोरच्या संघाचे कप्तान फ्रँक वॉरेल रक्त द्यायला पुढे आले, आणि रक्त देणाऱ्यांत आपले उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच दौऱ्यात पुढे उम्रीगरांनी पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १७२ धावा काढल्या. वडील म्हणत, "धावा सगळेच मोजतात, रक्त कोण मोजतो?"

अनिल कुंबळेचेही आपल्याला आठवत असेल. २००२ साली अँटिग्वाला त्याचा जबडा मोडला. तोंडाला पट्टी बांधून तो मैदानात उतरला, चौदा षटके टाकली आणि लाराला बाद केले. सगळ्या देशाने वाहवा केली, आणि ती योग्यच होती.

आता अलीकडची गोष्ट. २०२५ साली आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना आणि दिल्लीची प्रतिका रावल सलामीला येत. न्यूझीलंडविरुद्ध दोघींनी शतके काढली. तीनच दिवसांनी बांगलादेशविरुद्ध चेंडू अडवताना प्रतिकाचा पाय मुरगळला आणि तिची स्पर्धा संपली. तिने ३०८ धावा केल्या होत्या. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावले. ती आधी संघात नव्हती. पण २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढल्या, दोन बळीही घेतले. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले आणि आपण ५२ धावांनी जिंकलो. प्रतिका चाकाच्या खुर्चीवर बसून आनंदात सामील झाली. पदके नियमाप्रमाणे संघातल्या पंधरा जणींनाच, म्हणून त्या रात्री तिच्या गळ्यात पदक नव्हते. पुढे तिलाही ते मिळाले, हे ऐकून मला फार बरे वाटले.

भगिनींनो, आता आपल्या घरातले पाहू या. खेळाडूचा पाय मुरगळला की डॉक्टर मैदानात धावतो, दुसरा गडी क्षेत्ररक्षणाला येतो. डोक्याला मार लागला असेल तर २०१९ पासून पुरा बदली खेळाडू घेता येतो, तो फलंदाजीही करतो. आपल्या घरात बारावा गडी आहे का? आपल्यात विड्या वळून मान धरलेल्या बाया आहेत, हंडे उचलून कंबर गेलेल्या आहेत. त्या काय म्हणतात? "होईल बरं आपोआप." कुंबळे चौदा षटकांनंतर विमानाने घरी परतला, उपचार घेतले. आपण मात्र मोडक्या कमरेने वर्षानुवर्षे गोलंदाजी करतो आणि त्याला सोशिकपणा म्हणतो. मला हा सोशिकपणा नको वाटतो.

दुसरे दुखणे राजकारणाचे. दर निवडणुकीला हात जोडून लोक दारी येतात, रोज पाणी देऊ म्हणतात. पक्ष कोणताही असो, बोलणे तेच. महापालिकेची मुदत २०२२ साली संपली, तर पुढे कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकही नव्हता. क्रिकेटमध्ये फलंदाज चुकला तर पुढच्या सामन्याला बाहेर बसतो. इथे मात्र पाण्याचा सामना हरणाराही पुन्हा हारतुरे घेऊन येतो. चिडून टीव्ही बंद करता येतो, नळ तर आधीच बंद असतो!

पण नुसते चिडून काय होणार? आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे २०२२ साली भारताकडून खेळली. आपल्या गल्लीतल्या मुली मात्र मैदानावर मुलगे असतात म्हणून घरी बसतात. म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते.

पहिली, वर्षातून एकदा मंडळात हाडांच्या डॉक्टरांना बोलवावे आणि प्रत्येकीने कंबर-गुडघे दाखवून घ्यावेत. दुसरी, आपली एखादी भगिनी अंथरुणाला खिळली तर तिच्या घरच्या भाकरी आणि पाणी पाळीपाळीने आपण करावे, आणि तिच्या घरच्या पुरुषांनाही त्या पाळीत धरावे. तिसरी, मते मागायला कोणी आले की चहा जरूर द्यावा, पण पाणी रोज कधीपासून, आणि मुलींना मैदान कोणत्या वेळी, ही दोन उत्तरे तारखेसह वहीत लिहून घ्यावीत. वही मंडळाच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वेळी तीच पुढे करावी.

यातली पहिली पाळी मी माझ्या नावावर लिहून घेते. ज्यांना पटेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.