संगणकाला दहा मिनिटांचा आधार



आपल्या उरणात बोकडविऱ्याला गॅसवर चालणारं वीज केंद्र आहे, तरी पावसाळ्यात घरातली वीज जायची ती जातेच. मागच्या पावसाळ्यात मी गटाचा वर्षाचा हिशेब संगणकात भरत होते. अकरा जणींचं कर्ज, व्याज, हप्ते सगळं टाकून झालं, सेव्ह करायचं राहिलं आणि वीज गेली. दोन तासांचं काम गेलं! सकाळी बँकेत कागद द्यायचे होते, म्हणून रात्री वीज आल्यावर पुन्हा बसले.

मग गटाने यूपीएस घेतला. हा इन्व्हर्टर नव्हे, यावर पंखा लावायचा नाही. वीज गेली की दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात काम सेव्ह करायचं आणि संगणक नीट बंद करायचा.

घेताना डब्यावरच्या ‘६०० व्हीए’ या मोठ्या आकड्याला भुलू नका. जवळच वॅटचा आकडा असतो, तो बघा. ६०० व्हीएच्या डब्यावर तो साधारण ३६० असतो. घरचा साधा संगणक आणि स्क्रीन मिळून शंभर-दीडशे वॅट घेतात, म्हणजे एवढा यूपीएस पुरतो. दुकानदाराला समोर चालू करून दाखवायला सांगा. काही डब्यांत बॅटरीची वायर सुटी ठेवलेली असते, ती जोडल्याशिवाय बॅटरी चालत नाही.

घरी आणल्यावर आधी सहा-आठ तास चार्ज करा. मग त्यावर संगणक, स्क्रीन आणि राउटर एवढंच लावा. लेझर प्रिंटर नको. तो तापताना एकदम वीज ओढतो आणि यूपीएस बंद पडतो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी हेच झालं! प्रिंटर भिंतीच्या बोर्डावर लावा. तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून तिसरी पिन कापायची नाही, अर्थिंग तिथूनच मिळतं. घरात अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या.

यूपीएस जमिनीवर ठेवू नका, पाणी शिरलं तर धोका. कपाटातही कोंडू नका, त्याला वारा हवा. आपली हवा खारी, प्लगच्या पिना गंजतात, त्या अधूनमधून बघत जा.

महिन्यातून एकदा काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपसू नका. संगणक लगेच बंद पडला, तर बॅटरी संपत आली समजा. दोन-तीन वर्षांत ती बदलावीच लागते. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना जुनी दुकानातच द्या, आणि तिचे किती पैसे वळते करणार तेही विचारा.