गाडी सोडण्याआधी हिशेब



ट्रकवर बोलायला हा सॉफ्टवेअरवाला कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. बरोबर आहे. ट्रकच्या स्टेअरिंगला मी कधी हात लावलेला नाही. पण एका नव्या ड्रायव्हरला मी चुकीचा सल्ला दिला होता, ते सांगायला आलोय.

माझा मावसभाऊ दोन वर्षं क्लिनर होता. ट्रान्सपोर्टचं लायसन्स निघालं आणि मामूंच्या शब्दावर त्याला एका मालकाची गाडी मिळाली. चौथ्या महिन्यात, ऐन ईदच्या दिवशी, तो न्हावाशेव्याला कंटेनर घेऊन रांगेत उभा. सुट्टी कबूल झाली होती, आदल्या रात्री नाकारली. त्याचा फोन आला, "भाईजान, दुसरा मालक तीन हजार जास्त देतोय. सोडू का?" मी म्हणालो, "सोड की! आम्ही राजीनाम्याचा मेल टाकतो आणि मोकळे होतो."

नशीब, भरलेली गाडी रस्त्यात सोडली नाही. तसं केलं असतं तर मालाच्या चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही. त्यानं कंटेनर उतरवला, गाडी ऑफिससमोर लावली, चावी वॉचमनच्या हातात दिली आणि घरी आला. मग मालक म्हणाला, टायर फाटलाय, डिझेल कमी आहे. पगार अडला. उचल घेतलेली होतीच. लायसन्सही ऑफिसात जमा. आणि मामूंना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच. आमच्याकडेही लॅपटॉप परत केल्याची सही घेतल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. नेमकं तेच मी त्याला सांगितलं नव्हतं.

तेव्हा सोडायचंच असेल तर खेप पूर्ण करा, माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची पावती जमा करा, आणि चावी देताना टायर, किलोमीटर, डिझेलचा काटा यांचे फोटो काढा. उचलीचा हिशेब लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. मूळ लायसन्स कुणाकडेही ठेवायला देऊ नका. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर मागून घ्या. मालक बदलला तरी तो बदलत नाही.

आता ते तीन हजार. नव्या मालकाला पगाराआधी विचारा, खोटी झाली तर भत्ता कोण देतं? गोदामाबाहेर दोन दिवस गाडी उभी राहिली की ते तीन हजार जेवणातच जातात. डिझेलचं ॲव्हरेज कमी पडलं तर कुणाच्या खिशातून कापतात? हे महत्त्वाचं आहे, कारण कापण्याच्या भीतीनंच नवा पोरगा उतारावर गाडी न्यूट्रल करतो. मग इंजिनचा रोध राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. खंबाटकी, कसारा, बोरघाट कमी गिअरमध्ये उतरवायला पहिल्या वर्षातच शिकायचं असतं. रूट माहीत असलेला, बाजूला जुना माणूस देणारा मालक असेल, तर थोड्या कमी पैशांतही तिथं वर्ष काढावं, असं मला वाटतं.

पण काही बाबतींत वर्ष काय, आठवडाही थांबू नका. गाडीचा इन्शुरन्स किंवा फिटनेस संपलेला, ब्रेकची तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं करणं, ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि तो कायदा चालवणाऱ्यालाही धरतो. मालक म्हणेल, "मी बघतो." नाक्यावर तो नसतो, तुम्ही असता. झोप न देणाराही याच यादीत. आणि रमजानमध्ये रात्रभर गाडी चालवून वर रोज्याचा हट्ट नको. मुसाफिराला रोजा पुढे ठेवायची सवलत दीनानंच दिली आहे.

ईदच्या सुट्टीचं काय, असं कुणीतरी मघाशी विचारलं. राग येणं साहजिक आहे, मलाही आला होता. पण ती गोष्ट नोकरी धरतानाच बोलून घ्यायची, दोन्ही ईदच्या तारखा धरून. दिवाळीत गाडी मी सांभाळतो, ईदला मला सोडा, असा सौदा कितीतरी ड्रायव्हर आपसात करतात.

मावसभाऊ आता टँकरच्या मागे आहे. ज्वालाग्राही मालासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद लागते, ती त्यानं करून घेतली. अडलेला पगार अर्धाच मिळाला. मामू त्याच्याशी बोलतात, पण त्याच्यासाठी पुन्हा कुणाकडे शब्द टाकलेला नाही. माझ्याशी मात्र ईदला गळाभेटीपुरतंच.