शेवटचा हप्ता कधी?



ज्या घरात महिन्याला दोन पगार येतात, मुलं बऱ्या शाळेत जातात, खाली गाडी उभी असते आणि तरीही वीस तारखेनंतर खात्यात फारसं काही उरत नाही, अशा घरांविषयी आज मला बोलायचं आहे. पुण्यात बाणेर-वाकडला अशी घरं आहेत, तशी ठाण्याला आहेत, नाशिकला आहेत. त्यांना कुणी कर्जबाजारी म्हणत नाही, आणि तीही स्वतःला तसं समजत नाहीत. हप्ते वेळेवर जातात ना, मग झालं!

कर्ज देताना बँक विचारते, ‘हप्ता किती झेपेल?’ तिच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण आपणही तोच प्रश्न घरी आणला. घरात विचारायला हवं ते वेगळंच: हे फिटणार कधी आणि तोवर एकूण किती जाणार?

पन्नास लाखांचं गृहकर्ज घ्या. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजाचे असतात, मुद्दलात जेमतेम आठ हजार जातात. वीस वर्षांत आपण एक कोटी चार लाखांच्या वर भरतो. ही फसवणूक नव्हे, साधं गणित आहे; पण सही करताना नवरा-बायकोने शेजारी बसून ते मांडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. चर्चा होते ती टाइल्सची आणि मॉड्युलर किचनची.

आता २०२२ सालाकडे या. एप्रिलमध्ये साडेसहा टक्क्यांनी, वीस वर्षांसाठीच, कुणी पन्नास लाख घेतले असतील, तर हप्ता होता ३७,२७९. मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. रेपोशी जोडलेलं हे कर्जही तेवढंच वाढून नऊ टक्क्यांवर गेलं. तोवर बाकी साडेएकोणपन्नास लाख राहिली असं धरा. त्यावर महिन्याचं व्याज होतं ३७,१२५. म्हणजे सदतीस हजारांच्या हप्त्यातून मुद्दलात जाणार दीडशे रुपये! अनेक कर्जांत हप्ता तसाच राहिला आणि मुदत लांबत गेली. पगारातून कापली जाणारी रक्कम तीच, त्यामुळे घरात कुणाला कळलंही नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा.

इथे मला १८७५ साल आठवतं. पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षी मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात भरलेल्या पैशाची पावती, खात्याचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. हिशेब डोळ्यांनी दिसावा, यासाठी केवढा झगडा! आज तो उतारा मोबाइलवर मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून तर नव्या किरकोळ कर्जासोबत सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक देणं बंधनकारक आहे. आणि आपण, शिकली-सवरली माणसं, ते उघडून बघत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गफलत अंदाजपत्रकाची. आपण महिन्याचं अंदाजपत्रक करतो, पण घर चालतं वर्षाच्या चक्रावर. समजा, दोघांचे मिळून हातात येतात १ लाख ८० हजार. घर, गाडी आणि मोबाइलचे हप्ते मिळून ६६ हजार. उरले १ लाख १४ हजार, ऐसपैस वाटतं. मग जूनमध्ये दोन मुलांची फी येते. गाडीचा विमा, आयुर्विम्याचा हप्ता, गौरी-गणपती, दिवाळी, भाचीचं लग्न, आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. यातलं काहीच दर महिन्याला येत नाही, म्हणून वहीत नसतं. पण दरवर्षी काही ना काही येतंच. सगळं मिळून पाच लाख होत असतील, तर महिन्याचे जवळजवळ ४२ हजार आधीच खर्ची पडलेले आहेत. खरे हातात उरतात ७२ हजार. त्यात किराणा, भाजी, पेट्रोल, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार, हॉटेल, सगळं. आपण मात्र १ लाख १४ हजारांच्या हिशेबाने खर्च करत राहतो आणि जून उजाडला, की क्रेडिट कार्ड बाहेर निघतं.

कार्डाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. बिल आलं एक लाखाचं. ‘किमान देय’ म्हणून पाच हजार भरले. बाकी ९५ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३,३२५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. पाच हजारांतले सुमारे चार हजार असेच गेले. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही, तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. अगदी दुधाच्या पिशवीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि त्याच घरात सात टक्क्यांची दोन लाखांची मुदत ठेव असते! ‘एफडी मोडायची नाही’ हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे, आणि तो बचतीपोटी आला आहे, हे मी जाणतो. तरीही सांगतो, मोडा. वर्षाला बेचाळीस टक्के देऊन सात टक्के जपण्यात कसलीही काटकसर नाही. कार्ड आधी फेडा, मग वैयक्तिक कर्ज, मग गाडी आणि शेवटी घर.

घराच्या कर्जाला मात्र एक मोठी सोय आहे. बदलत्या व्याजाचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं, तर बँकेला दंड आकारता येत नाही. हा नियम २०१२ पासून आहे. सुरुवातीला सांगितलेल्या साडेआठ टक्क्यांच्या पन्नास लाखांच्या कर्जात वर्षाला एक हप्ता जादा भरला, तर ते तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. पैसे भरताना शाखेत लेखी द्या, ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.’ सुरुवातीच्या वर्षांत भरलं तर फायदा सर्वांत जास्त, कारण तेव्हा बाकी मोठी असते. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर एक टक्क्याने खाली आला. तेव्हा कमी झालेला हप्ता आनंदाने स्वीकारण्याऐवजी जुनाच चालू ठेवला असेल, तर मुदत आपोआप आखडली असेल. कर्ज फार जुनं असेल, तर ते रेपोशी जोडलेलं आहे का, हेही विचारा. प्राप्तिकराची सवलत मिळते म्हणून कर्ज ठेवतो, असं म्हणणारे भेटतात. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. आणि जुन्या प्रणालीतही तीस टक्के कर वाचवण्यासाठी शंभर टक्के व्याज आपणच भरत असतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. दोघांनी बसून कर्जाचा उतारा उघडा. एकट्याने नको, कारण बऱ्याच घरांत हप्ता एकाच्या खात्यातून जातो आणि दुसऱ्याला बाकी माहीत नसते. शेवटच्या हप्त्याची तारीख शोधा आणि तिच्याशेजारी दोघांच्या निवृत्तीच्या तारखा लिहा. हप्ता निवृत्तीच्या पुढे जात असेल, तर या दिवाळीचा बोनस कुठे जाणार, ते आताच ठरवून टाका.